आरासीतली रेलकार: आधी मोटर, मग डबा



आपल्या बडोद्याच्या आठवणींमध्ये नॅरोगेज फार वेळा येते. कुणी डभोई जंक्शनबद्दल लिहितं, कुणी चांदोदच्या नर्मदास्नानाबद्दल, कुणी तिथून पुढे गरुडेश्वरला टेंबे स्वामींच्या समाधीला गेल्याबद्दल. वाचताना बरं वाटतं. पण माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. ही गाडी नुसती लिहून पुढच्या पिढीपर्यंत पोचणार नाही. ती घरात, मुलांच्या डोळ्यांसमोर चालती करावी लागेल. आणि चालती करायची तर पहिला विचार डब्याच्या रंगाचा नाही, खाली बसणाऱ्या मोटरचा करायला हवा.

घाई का, तेही सांगतो. मियागाम ते डभोई ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलिमीटरची लाइन १८६२ साली खंडेराव महाराजांच्या काळात सुरू झाली, तेव्हा गाडीला बैल जुंपत. वाफेची इंजिनं नियमित धावू लागली ती नंतर. आज प्रतापनगर-डभोई-चांदोद ब्रॉडगेज झालं आहे आणि २०२१ पासून गाड्या थेट केवडियापर्यंत जातात. सोय झाली, तक्रार नाही. पण आपल्यातल्या किती घरांनी आनंदात स्नानाला आणि दुःखात अस्थी घेऊन त्या छोट्या गाडीनेच चांदोद गाठलं आहे. माझ्या आजोबांच्या अस्थी त्याच गाडीने गेल्या. माझ्या नातवाला हे सांगितलं की तो विचारतो, "छोटी म्हणजे केवढी, आबा?" हाताने दाखवून ते कळत नाही.

ज्येष्ठ मंडळी म्हणतात, सुबक मॉडेल करा आणि काचेच्या पेटीत ठेवा. धूळ नको, मोडतोड नको. त्यांचा मान राखून सांगतो, मला हे पटत नाही. उभी गाडी मुलं मिनिटभर बघतात आणि पुढे जातात. बडोद्याची रीतही तशी नव्हती. राजघराण्यातल्या मुलांना शाळेत जायला राजवाड्यापासून छोटी रेल्वे होती. त्या शाळेच्या इमारतीत आज महाराजा फतेसिंह म्युझियम आहे. कमाटी बागेतल्या गाडीत तर आपण सगळेच बसलो आहोत. आपल्या गावाने मुलांना गाडी दाखवली ती चालती दाखवली.

मग जागा कुठली? माझ्या मते गणपतीची आरास. दहा दिवस घर भरलेलं असतं, शेजारचे गुजराती काका-काकीही दर्शनाला येतात, मुलं हलत नाहीत. मात्र आरासीत जागा थोडी आणि वळण आखूड. इंजिन आणि चार डबे तिथे मावत नाहीत. म्हणून माझा आग्रह आहे की पहिलं मॉडेल रेलकारचं करा. रेलकार म्हणजे इंजिन आणि डबा एकातच, रुळांवर चालणारी बस म्हणा. कालका-शिमल्याला अशी रेल मोटर आहे, आपल्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. "आपली सोडून शिमल्याची का?" असं कुणी विचारेल. कारण तिचाही गेज ७६२ मिलिमीटरच. आज तिच्यासाठी घातलेल्या रुळांवर, त्याच प्रमाणात, उद्या डभोईचे डबे चालतील.

आता खरी अडचण. वाफेच्या इंजिनाच्या मॉडेलमध्ये मोटर बॉयलरच्या पोटात लपते. रेलकारला पोट नाही. चारी बाजूंनी खिडक्या आणि आत माणसं बसलेली दिसायला हवीत. खिडकीतून मोटर दिसली की सगळी मजा गेली. म्हणून माझा नियम सोपा आहे: खिडकीच्या खालच्या कडेच्या वर काहीही येता कामा नये. हा नियम धरला की निम्म्या मोटरी आपोआप बाद होतात. आधी सुंदर डबा बनवायचा आणि मग त्यात मोटर कोंबायची, हा उलटा क्रम आहे. मोटर हातात घ्या, मोजा, आणि मग डब्याचा कागद आखा.

प्रमाण कुठलं, हेही मोटरच ठरवते. बाजारात सहज मिळणारे रूळ दोन, ९ मिलिमीटर आणि १६.५ मिलिमीटर. ७६२ मिलिमीटरच्या गेजला ९ मिलिमीटरचे रूळ १:८७ प्रमाणात बसतात आणि १६.५ चे १:४८ प्रमाणात, थोडा फरक सोडून. सात मीटर लांबीची रेलकार धरली तर ती पहिल्यात जेमतेम ८ सेंटिमीटर होते, दुसऱ्यात साडेचौदा.

लहान प्रमाण घ्यायचं असेल तर स्वतः यंत्रणा बनवायच्या फंदात पडू नका. जपानी काटो कंपनीचे ११-१०९ आणि ११-११० हे तयार चारचाकी सांगाडे आहेत. मोटर, गिअर, चाकं, सगळं जोडलेलं. टॉमीटेकचे टीएम मालिकेतले सांगाडेही तसेच. वर आपला डबा बसवायचा की झालं. १६.५ च्या रुळांसाठी तेनशोडो या जपानी कंपनीची मोटर-बोगी जगभर वापरतात. सगळं यंत्र चाकांच्या मध्येच मावतं आणि दोन अक्षांमधल्या वेगवेगळ्या अंतरांत मिळतं. फक्त तिच्यावर थोडं शिसं ठेवून वजन द्या, नाहीतर चाकं जागेवर घसरतात.

पण परदेशातून मागवायचं म्हणजे टपाल, जकात आणि वाट बघणं. मोठं प्रमाण घेणाऱ्यांना देशी वाट आहे, एन-२० मोटर. शाळा-कॉलेजची मुलं रोबोट बनवायला वापरतात तीच, गिअरबॉक्स जोडलेली. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळते. रुंदी १२ मिलिमीटर, उंची १०, लांबी साधारण २५. १६.५ च्या रुळांवर दोन चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये चौदा मिलिमीटरच्या आसपास जागा असते. म्हणजे ही मोटर फरशीखाली, दोन अक्षांच्या मध्ये उभ्या लांबीत बसते. तिचा फेरा काटकोनात वळवून अक्षाला द्यायला छोटा बेव्हल गिअर लागतो. तो नीट बसवण्यात एक रविवार जातो, पण रेलकारची खिडकी मोकळी राहते.

आता वेग, आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचं हेच. नॅरोगेजची आठवण म्हणजे तिचा संथपणा. शेतातला माणूस हात करायचा आणि आपण त्याला हात करेपर्यंत तो खिडकीतच असायचा. ताशी २० किलोमीटर धरा. १:४८ मध्ये तो वेग होतो सेकंदाला साडेअकरा सेंटिमीटर. चाक १२ मिलिमीटरचं असेल तर ते मिनिटाला सुमारे १८५ वेळा फिरायला हवं. म्हणून एन-२० घेताना १२ व्होल्टला २०० फेऱ्यांची मागा, हजाराची नको. दुकानदार म्हणेल, "काका, फास्टवाली लो." घेऊ नका.

गिअर कमी असला की काय होतं ते बघा. साधी मोटर मिनिटाला दहा हजार फेरे घेते. एकपदरी वर्मवर वीस दात्यांचा गिअर लावला तरी चाकाचे पाचशे फेरे उरतात, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर! आपली डभोईची गाडी तशी धावली असती तर लोक घाबरून उतरले असते. व्होल्टेज कमी करून हळू चालवू म्हणाल तर अशी मोटर अडखळते, थांबते, मग एकदम उडी मारते. संथपणा गिअरमधून यावा लागतो, तो रेग्युलेटरमधून येत नाही. ४५ सेंटिमीटर त्रिज्येचं वर्तुळ असेल तर बरोबर गिअरची रेलकार एका फेरीला साधारण पंचवीस सेकंद घेते. बॅटरीवरचं खेळणं पाच सेकंदांत भोवंडून टाकतं. पंचवीस सेकंदांत मुलाला खिडकीतली माणसं मोजता येतात आणि आजीला सांगताही येतं की त्या कोपऱ्यात मी बसायचे.

आरासीचा एक खास त्रास आहे, तो परदेशी पुस्तकांत सापडणार नाही. धूप, उदबत्ती, कापूर, समईची काजळी, वरून दुर्वा आणि गुलालाची धूळ. हे सगळं रुळांवर बसतं आणि गाडी आचके देत थांबते. चार चाकांची रेलकार लांबीला कमी, म्हणून तिला हा त्रास जास्त. यंत्रणा निवडताना चारही चाकं वीज उचलतात ना, हे बघून घ्या. दोनच उचलत असतील तर बाकीच्या दोघांना पितळी पत्रीचे स्पर्शक लावा. आणि रोज रात्री, समई शांत झाल्यावर, रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या फडक्याने पुसा. समई चालू असताना बाटली उघडायचीही नाही, तो पेट घेणारा पदार्थ आहे.

खर्चाबद्दल थोडं कडक बोलतो. आपल्या घरांत मखराला, लायटिंगला, झालरीला हात सैल सुटतो. जे दिसत नाही त्यावर खर्च करायचा म्हटलं की "एवढे कशाला?" मी उलट म्हणेन. डबा पुठ्ठ्याचा करा, आइस्क्रीमच्या काड्यांचा करा, रंग हाताने द्या, मुलांना देऊ द्या. पैसे चाकांत आणि गिअरमध्ये घाला. पुठ्ठ्याचा डबा दरवर्षी नवा करता येतो. चांगला सांगाडा नीट ठेवला, वर्षातून एकदा तेलाचा एक थेंब दिला, तर नातू त्याच्या मुलांसमोर चालवेल.

आणि गाडी बंद डब्यासारखी मुलांपुढे ठेवू नका. वरचा डबा उचलून दाखवा. मोटर जोरात फिरते आणि चाक हळू का फिरतं, हे आठ वर्षांच्या मुलाला दाते मोजून कळतं. तिथून गोष्ट सांगायला सुरुवात करा: बैल, वाफ, डिझेल, चांदोदचा घाट, पणजोबा.

शेवटी एक मागणं. रेलकारनंतर डभोईचे डबे करायचे आहेत आणि त्यासाठी खरी मोजमापं लागतील. ज्यांच्या घरातलं कुणी प्रतापनगरच्या वर्कशॉपात किंवा डभोईच्या यार्डात नोकरीला होतं, त्यांनी जुने फोटो, डब्यांची लांबी-रुंदी, बाकांची रचना, जे असेल ते पाठवावं. पेटीत पडलेला एक धूसर फोटोही उपयोगी पडेल. पुढच्या चतुर्थीला वर्ष नसतं, महिनेच असतात.