साडेतीन शहाण्यांचा हिशेब

बीड जिल्ह्याच्या गेवराई तालुक्यात राक्षसभुवन हे गोदाकाठचे गाव आहे. भाविक तेथे शनीच्या दर्शनाला जातात. १० ऑगस्ट १७६३ रोजी येथेच पेशवे आणि निजाम यांची लढाई झाली आणि निजामाचा दिवाण विठ्ठल सुंदर तीत मारला गेला, हे ध्यानात ठेवून जाणारे थोडे. ही आठवण आज जागवली पाहिजे, ती विजयाचा गुलाल उधळण्यासाठी नव्हे. ज्या राजकारणाची ‘चाणक्यनीती’ म्हणून वृत्तपत्रांत नित्य आरती ओवाळली जाते, त्याचा हिशेब मांडण्यासाठी.

विठ्ठल सुंदर हा त्या काळच्या ‘साडेतीन शहाण्यां’पैकी एक पूर्ण शहाणा. सखारामबापू बोकील आणि नागपूरकर भोसल्यांचे देवाजीपंत चोरघडे हे दुसरे दोन. नाना फडणीस तलवारबहाद्दर नव्हते म्हणून अर्धे. विठ्ठल सुंदरचा धनी निजाम अली हा उगवता सत्ताधीश होता. १७६२ साली त्याने थोरल्या भावाला, सलाबतजंगाला, पदच्युत करून बिदरच्या कैदेत टाकले होते. पानिपतानंतर पुण्यात राघोबादादा आणि अल्पवयी माधवराव या चुलत्या-पुतण्यांत वितुष्ट होते. दिवाणाने हीच फट हेरली. राघोबांनी दुखावलेले गोपाळराव पटवर्धनांसारखे सरदार त्याने फोडले. नागपूरच्या जानोजी भोसल्यांना साताऱ्याच्या सत्तेचे गाजर दाखविले. १७६३ च्या उन्हाळ्यात निजामाच्या फौजेने पुणे लुटले, जाळले. उत्तरादाखल पेशव्यांच्या फौजांनी निजामाचा मुलूख लुटला. डाव दोन दरबारांचा होता. कणगी मात्र दोन्हीकडे कुणब्याचीच रिकामी झाली.

पुढे काय झाले? जे हत्यार विठ्ठल सुंदरने उगारले तेच त्याच्यावर उलटले. पेशव्यांच्या बाजूने बत्तीस लाखांच्या मुलखाचे वचन मिळताच जानोजी निजामापासून दूर झाले. निजाम गोदावरीपार गेला होता, नदीला पूर होता आणि दिवाण अलीकडच्या तीरावर अडकला होता. तेथेच तो पडला. निजामाने ब्याऐंशी लाखांचा मुलूख देऊन तह केला. सलाबतजंगाचा त्याच वर्षी बिदरच्या कैदेत अंत झाला. निजाम अली मात्र १८०३ पर्यंत राज्य करीत राहिला. आणि १७६६ साली याच निजामाला सोबत घेऊन पेशव्यांनी जानोजींवर चाल केली व दिलेल्या मुलखाचा मोठा हिस्सा परत घेतला! फितुरीच्या पायावर उभारलेल्या मैत्रीचे आयुष्य हे असे तीन वर्षांचे.

कोणी म्हणेल, हा सरंजामी काळ झाला. आता लोकशाही आहे. खरे आहे. पण आमदार फुटतात, रातोरात निष्ठा बदलतात, जातीच्या बेरजा-वजाबाक्या मांडल्या जातात, आणि हे घडवून आणणाऱ्यास आपणच कौतुकाने ‘चाणक्य’ म्हणतो. आपले कार्यकर्तेही खाजगीत हळहळतात की, ‘आपल्याकडे असा एक माणूस हवा होता.’ हा मोह आम्हाला विरोधकांच्या सामर्थ्याहून अधिक धोक्याचा वाटतो.

डावपेचांवाचून राजकारण होत नाही, हे आम्ही जाणतो. प्रश्न इतकाच की, डाव कोणासाठी आणि त्याचा जाब विचारण्याचा अधिकार कोणाला? विठ्ठल सुंदरला जाब विचारणारा एकच होता, त्याचा धनी. याच बीडने १९६७ साली साताऱ्याकडच्या क्रांतिसिंह नाना पाटलांना आणि १९७७ साली गंगाधरअप्पा बुरांडे यांना लोकसभेवर पाठविले. दोघेही कम्युनिस्ट चळवळीतले. आपले त्यांच्याशी मतभेद असतील. पण नाना पाटलांपाशी या जिल्ह्यात ना भावकी होती ना कारखाना. तरीही येथील माणसाने त्यांना आपले मानले, ही गोष्ट कोणत्या शहाण्याच्या गणितात बसते?

आज याच जिल्ह्यातून दर वर्षी लाखो माणसे मुकादमाची उचल घेऊन, कोयता खांद्यावर टाकून, ऊसतोडीला जातात. मुलांची शाळा सुटते, बायांचे आजार अंगावर काढले जातात. ९ डिसेंबर २०२४ रोजी मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. दोषी कोण, हे न्यायालय ठरवील. पण दहशत आणि पैसा यांवाचून सत्ता टिकत नाही, असे मानणारे राजकारण वाढते तेव्हा गावचा निवडून आलेला माणूसही सुरक्षित राहत नाही, हे समजण्यास निकालाची वाट पाहावी लागत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे : चाणक्याचा शोध सोडा. तळावरून परतलेल्या टोळीबरोबर बसा, उचलीचा हिशेब त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, ग्रामसभेत प्रश्न विचारणाऱ्याच्या पाठीशी उभे राहा. या कामाला वेळ लागेल, आणि साडेतीन शहाण्यांत आपली गणना होणार नाही. पण पुराच्या दिवशी आपल्याला ऐलतीरावर एकटे टाकून जाणारा धनी तरी नसेल.