‘शंभर-चार’ म्हणजे काय?

या सदरांत आजवर मीं व्याकरण, व्रतवैकल्यें आणि गांवची जुनी पेठ यांविषयीं लिहिलें. आज पोकलेनविषयीं लिहीत आहें हें पाहून पुष्कळ वाचकांस नवल वाटेल. परंतु ज्यांचे पावसाळे महाड-पोलादपुराकडे गेले आहेत त्यांस वाटणार नाहीं. आषाढ लागला कीं आमच्याकडे वरंध, आंबेनळी, कशेडी या घाटांची खबर आधीं घ्यावी लागते, पंचांग मागाहून. २२ जुलै २०२१ रोजीं तळिये गांवावर डोंगर कोसळला आणि ऐंशींहून अधिक माणसें गेलीं. त्याच दिवशीं पोलादपूर तालुक्यांत केवनाळे व साखर सुतारवाडी येथेंही दरडी आल्या. महाड शहर पुरांत बुडालेलें, रस्ते पाण्यानें आणि मातीनें बंद. मदत तळियेस वेळेवर पोंचूं शकली नाहीं. तेव्हांपासून ‘रस्त्यांत यंत्र बंद पडलें’ हें वाक्य मला पूर्वींसारखें किरकोळ वाटत नाहीं.

(पोकलेन हें मुळांत एका फ्रेंच कंपनीचें नांव. आतां यंत्र कोणत्याही कारखान्याचें असो, आमच्या लोकांस तें पोकलेनच. विशेषनामाचें सामान्यनाम कसें होतें याचें इतकें चांगलें उदाहरण शिकवीत असतांना मला सुचलें नाहीं.)

गेल्या आषाढांत एका संध्याकाळीं आंबेनळी घाटांतून माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. तो असें यंत्र चालवितो. “गुरुजी, पिवळा दिवा लागलाय, इंजिनाचा जोर उतरलाय, आणि पडद्यावर शंभर आणि चार असे आकडे आलेत. मालक म्हणतात, तसाच चालव. दरडीच्या पलीकडं गाड्या अडकल्यात. काय करूं?” मला यंत्रांतलें काय कळणार! परंतु माझ्या भाच्याचा मुलगा अशा यंत्रांची दुरुस्ती करतो, आणि त्या दिवशीं तो आमच्याकडे उतरला होता. माझ्या बहिणीस आपला नातू दिवसभर हात काळे करतो याचें वाईट वाटतें. मला त्या रात्रीं तें मुळींच वाटलें नाहीं.

त्यानें फोन घेतला व पहिली गोष्ट सांगितली ती आकड्यांची नव्हेच. “दादा, आधीं यंत्र कड्याखालून मागें घ्या आणि इंजिन बंद करा. मग तेलाची पट्टी काढून बघा.” तेल पुरेसें होतें. नंतर त्यानें विचारलें, “शंभर-चार एकटाच आहे कीं आणखी कांहीं आहे?” पडदा पुढें सरकवून पाहतां दुसरी जोडी निघाली: १०२ आणि ४.

हें आकड्यांचें प्रकरण मीं मागाहून समजून घेतलें. ही पद्धति अमेरिकेंतील मोटार-इंजिनिअरांच्या संस्थेची असून तिला जे-१९३९ म्हणतात. तींत पहिला आकडा कोणाविषयीं बोलणें चाललें आहे तें सांगतो आणि दुसरा त्यास काय झालें तें. थोडक्यांत, एक प्रकृति आणि दुसरा प्रत्यय. १०० म्हणजे इंजिनांतील तेलाचा दाब, १०२ म्हणजे इंजिनांत शिरणाऱ्या हवेचा दाब, ११० म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याची उष्णता. प्रत्ययांपैकीं ० म्हणजे माप धोक्याच्या मर्यादेवर गेलें, १ म्हणजे मर्यादेखालीं उतरलें, ३ म्हणजे सेन्सरच्या तारेंत व्होल्ट वाजवीपेक्षां जास्त, ४ म्हणजे कमी.

येथेंच सगळी मौज आहे. दाबाच्या सेन्सरला संगणक ५ व्होल्टचा पुरवठा करतो. आपण समजूं कीं दाब शून्य झाला तर उत्तरही शून्य व्होल्ट येत असेल. तसें नाहीं. बहुतेक सेन्सरांत दाब शून्य असतांही सुमारें अर्धा व्होल्ट येतो. हा अर्धा व्होल्ट मुद्दाम राखलेला आहे. त्याच्याहून बरेंच खालीं उत्तर आलें, तर ‘दाब नाहीं’ असें संगणक समजत नाहीं. ‘मला कांहीं कळतच नाहीं’ असें समजतो. आमच्या मीमांसकांनीं अनुपलब्धीचा विचार करतांना हाच भेद केला आहे. उजेड आहे, डोळे उघडे आहेत आणि घट दिसत नाहीं, तरच घट नाहीं असें म्हणतां येतें. अंधारांत न दिसल्यास तसें म्हणतां येत नाहीं. १००-१ म्हणजे डोळा शाबूत असून तेलाचा दाब खरोखर गेला: इंजिन त्याच क्षणीं बंद करावें. १००-४ म्हणजे डोळाच मिटला. मग दाब असेल किंवा नसेल. म्हणून ‘तसाच चालव’ हा सल्ला येथेंही वेडेपणाचाच. पूर्वीं एका मालकानें १००-१ पाहून ‘सेन्सर खोटा बोलतो’ म्हणून यंत्र दुपारपर्यंत रेटलें, आणि इंजिन जाम झालें. त्याची भीति आमच्या विद्यार्थ्याच्या मनांत होती.

दोन्ही जोड्यांत चारच कां? माझ्या नातवानें सांगितलें कीं पुष्कळ सेन्सर ५ व्होल्टच्या एकाच पुरवठ्यावर असतात, आणि एकानें तो आंतल्याआंत जमिनीस नेला कीं शेजारचेही आंधळे होतात. हें मला ताबडतोब पटलें. एका बाकावरचीं दोन मुलें एकाच दिवशीं गैरहजर राहिलीं, तर प्रत्येकाच्या पोटदुखीची चौकशी करण्याआधीं मी जवळपास कोठें जत्रा आहे तें पाहत असें.

मग फोनवरूनच काम सुरू झालें. किल्ली चालू, इंजिन बंद, भर पावसांत बॅटरीच्या उजेडांत त्यानें हवेच्या दाबाच्या सेन्सरची जोडणी सोडविली, आणि १०० चा दोष पडद्यावरून गेला! ज्याचें नांव प्रथम आलें तो तेलाचा सेन्सर निर्दोष होता. मालकाच्या नेहमींच्या रीतीनें तोच बदलला असता, पैसे गेले असते आणि दोष तसाच राहिला असता. आतां इंजिन सुरू करतां तेलाचा दाब पडद्यावर दिसूं लागला आणि तो ठीक होता, तेव्हांच नातवानें काम करण्यास होकार दिला. हवेचा सेन्सर सुटलेला असल्यामुळें जोर कमीच होता. जें काम दोन तासांत व्हावयाचें त्यास चार लागले, पण पहांटेपूर्वीं एक बाजू मोकळी झाली. नवा सेन्सर दुसऱ्या दिवशीं आला.

यंत्राबरोबर येणारें पुस्तक इंग्रजींत असतें, आणि रात्रीं घाटांत तें वाचणार कोण? मीं नातवाकडून विचारून नेहमीं येणारे पंचवीसेक आकडे मराठींत एका कागदावर लिहून दिले. ११० पुढें त्याची एक युक्तिही लिहिली: जोडणी सोडल्यावर ४ चा ३ झाला, तर तारा ठीक, सेन्सर बदलावा, ४ तसाच राहिला, तर तारेकडे पाहावें. तो कागद आतां तीन यंत्रांच्या केबिनींत चिकटवलेला आहे असें ऐकतों. अक्षर माझें असल्यानें लावणाऱ्यांनीं तें निदान वाचलें असावें.

गेल्या आठवड्यांत पुन्हा फोन आला. “गुरुजी, सत्त्याण्णव आलंय.” ९७ म्हणजे डिझेलांत पाणी. फिल्टरखालची तोटी उघडून पाणी सोड, असें मी सांगणार तोंच तो म्हणाला, “सोडलं. कागदावर होतं. तुम्हांला नुसतं कळवलं.”