विंचवाचं बिऱ्हाड आणि मनीचं घर



सुट्टी जवळ आली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो. "बाई, आम्ही चार दिवस भंडारदऱ्याला चाललोय. मनीला बरोबर नेलं तर?" विचारणाऱ्याचं नाव दरवर्षी बदलतं, मांजराचंही बदलतं. कधी मनी, कधी चिंगी, कधी बोका असूनही राणी! प्रश्न मात्र तोच. म्हटलं, या वेळी त्याचं उत्तर इथेच सविस्तर देऊ या. आईबाबांनीही वाचावं, कारण गाडीची किल्ली त्यांच्याच हातात असते.

हल्ली या प्रश्नाला नवं शेपूट फुटलंय. "पण बाई, आम्ही घरच घेऊन चाललोय!" घर घेऊन म्हणजे कॅरव्हॅनने. गाडीतच झोपायला बाकं, चहाला शेगडी, पाण्याची टाकी आणि एवढासा संडास. आपल्या राज्य सरकारनं २०२१ साली कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेव्हापासून अशा गाड्यांबद्दल जरा जास्त ऐकू येतं. मुलांना वाटतं, घरच जर बरोबर आहे, तर मनीला काय फरक पडणार?

फरक पडतो, बरं का! कसा ते बघू.

घर पाठीवर घेऊन फिरणं आपल्याकडे नवं नाही. म्हण आहेच, 'विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर.' अहिल्यानगर म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर जिल्ह्यात पारनेरसारखे कोरडे तालुके आहेत. तिथली काही धनगर कुटुंबं पावसाळा संपला की मेंढरं घेऊन घाट उतरतात आणि कोकणात जातात. पुढचा पाऊस यायच्या आत परत वर येतात. बरोबर काय असतं? घोड्यांच्या पाठीवर सगळा संसार. भांडीकुंडी, घोंगड्या, रात्री मेंढरं कोंडायची जाळी म्हणजे वाघर. त्या ओझ्यावरच कोंबड्या बसलेल्या, कधी नुकतं जन्मलेलं कोकरू, कधी घरातलं लहान मूल. आणि बाजूनं चालणारी राखणीची कुत्री.

ऊसतोडणी कामगारांचंही तसंच. भंडारदऱ्याचं पाणी प्रवरेतून आणि तिच्या कालव्यांतून खाली जातं, त्यावर मैलोनमैल ऊस उभा राहतो. तो तोडायला माणसं बैलगाडीतून, ट्रकमधून, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून येतात. ट्रॉलीत पत्रे, चूल, पोरंबाळं, एखादी शेळी, खाली पळणारं कुत्रं.

आता या दोन्ही ताफ्यांत कोण नाही, सांगा पाहू? मांजर! मी तरी असल्या चालत्या बिऱ्हाडावर मांजर बसलेलं कधी पाहिलेलं नाही. असं का बरं?

मांजराला माणसाची माया नसते, असं पुष्कळ जण म्हणतात. ते खरं नाही. तुमची मनी तुम्ही शाळेतून आलात की पायात घोटाळतेच ना? पण कुत्रा आणि मांजर यांच्यात एक मोठा फरक आहे. कुत्र्याचे पूर्वज लांडगे. ते टोळीनं राहायचे, टोळीबरोबर हिंडायचे. म्हणून कुत्र्याला आपली माणसं जिथे, तिथे घर. मांजराचे पूर्वज रानात एकेकटे राहणारे. त्यांची शिकारीची जागा ठरलेली, लपायची जागा ठरलेली. म्हणून मांजराला माणसांइतकीच जागाही लागते.

ही जागा ते डोळ्यांनी कमी आणि नाकानं जास्त ओळखतं. मनी दाराच्या चौकटीला, कपाटाच्या कोपऱ्याला, तुमच्या पोटरीला गाल घासते ना, तेव्हा ती लाडात असतेच. पण त्याबरोबर आणखी एक काम उरकत असते. तिच्या गालाजवळ बारीक ग्रंथी असतात. त्यांतला वास ती त्या वस्तूला लावते. आपल्याला तो वास येत नाही, तिला येतो. जणू घरभर पाट्या लावलेल्या असतात, 'हे माझं, हे माझं, इथे भीती नाही.'

अशा मनीला उचलून एकदम गाडीत घातलं तर? एकही ओळखीची पाटी नाही! वर इंजिनाची घरघर, डिझेलचा वास आणि वळणं. ती ओरडते, तोंडातून लाळ गाळते, ओकते, कधी कुत्र्यासारखी तोंड उघडून धापा टाकते. मांजर धापा टाकू लागलं, तर ते फार घाबरलंय किंवा त्याला फार उकडतंय असं समजा आणि लगेच गाडी सावलीत थांबवा.

मग मांजर प्रवास करूच शकत नाही का? तसंही नाही. ट्रिम नावाच्या बोक्याची गोष्ट ऐका. मॅथ्यू फ्लिंडर्स नावाचा एक इंग्रज दर्यावर्दी होता. त्यानं १८०१ ते १८०३ या काळात जहाजानं ऑस्ट्रेलियाला पूर्ण वळसा घातला. त्या जहाजावर हा काळा-पांढरा ट्रिम होता. पिल्लू असताना तो एकदा समुद्रात पडला. खलाशांनी दोर टाकला, तर पठ्ठ्या पोहत येऊन दोरावरून वर चढला! फ्लिंडर्सनं पुढे त्याच्यावर लिहूनही ठेवलं.

आता मर्म लक्षात घ्या. ट्रिम जन्मला होता तोच जहाजावर, १७९९ साली. त्याच्यासाठी जहाज हाच वाडा. बाहेरचा देश बदलत होता, पण त्याच्या नाकाचं घर जागच्या जागीच होतं.

अमेरिकेत पश्चिमेकडे रॉकी पर्वत आहे. तिथे लोक मोठ्या घरगाड्या घेऊन महिनोन्‌महिने हिंडतात आणि काहींच्या गाडीत मांजरंही असतात. जाणती माणसं काय करतात? गाडी दारात उभी असतानाच मांजराला तिच्यात नेतात. आधी दहा मिनिटं, मग तासभर. तिथेच त्याचं जेवण, त्याचं जुनं अंथरूण. मांजर स्वतःहून गाडीच्या कोपऱ्यांना गाल घासू लागलं की मग कुठे गाडी चालू करायची, आणि तीसुद्धा गल्लीच्या टोकापर्यंतच. अशा तयारीला काही आठवडे जातात. तिथलं यलोस्टोन हे १८७२ साली झालेलं जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान. तिथे पाळीव प्राण्याला पायवाटेवर नेताच येत नाही. गाडीरस्ता, वाहनतळ आणि तंबूची जागा यांपासून १०० फुटांच्या आतच, आणि तेही दोरीला बांधून! असा नियम का असावा? त्याचं उत्तर आपल्याला भंडारदऱ्यातच मिळेल. चला तर मग.

भंडारदरा अकोले तालुक्यात. नाशिकहून सुमारे दोन तास, मुंबईहून चार-पाच. घोटीहून आत वळलं की रस्ता डोंगरात शिरतो. डाव्या हाताला बारी गाव आणि त्याच्या डोक्यावर कळसूबाई, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर. पुढे शेंडी गाव आणि विल्सन धरण. हे धरण १९२६ साली पूर्ण झालं. त्यामागचा जलाशय पार रतनवाडीपर्यंत पसरलाय. पाण्याकाठी तंबू लागतात, पावसाळ्याच्या तोंडावर झाडं काजव्यांनी लखलखतात. तुम्हाला हे सगळं बघायचंय, आणि बघायलाच हवं.

पण याच डोंगरांत कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य आहे, १९८६ साली जाहीर झालेलं. म्हणजे आपण तिथे पाहुणे. घरमालक निराळे आहेत. बिबट्या आहे, त्याला कुत्रं काय आणि मांजर काय, दोन्ही भक्ष्यच. रात्री तंबूची चेन जरा उघडी राहिली आणि मनी सटकली, तर काय होईल? तिच्या ओळखीचा एकही वास तिथे नाही. ती पळणार नाही, कुठेतरी खबदाडात दडून बसेल. तुम्ही हाका मारत दोन हातांवरून जाल, तरी भीतीनं आवाज देणार नाही. सुट्टी संपेल, गाडी निघेल. मग घरापर्यंत गाडीत कोणी बोलणार नाही.

हा झाला मनीला असलेला धोका. आता मनीमुळे असलेला धोका. सह्याद्रीत वाघाटी नावाचं एक चिमुकलं रानमांजर आहे. अंगावर तांबूस ठिपके, वजन जेमतेम दीड किलो, म्हणजे तुमच्या मनीच्या निम्मं. जगातल्या सर्वांत छोट्या रानमांजरांत त्याची गणना होते. भारत, श्रीलंका आणि नेपाळ एवढ्याच देशांत ते सापडतं. घरच्या मांजरांना काही साथीचे रोग होतात, आणि ते रानमांजरांनाही लागू शकतात. आपल्या मनीला लस टोचून घेता येते, वाघाटीला लस कोण देणार? शिवाय मनी पोटभर जेवलेली असली तरी शिकार सोडत नाही. जमिनीवर घरटं करणारे पक्षी, सरडे, बेडूक तिच्या तावडीत सापडतातच.

वाघाटीचीच आणखी एक गोष्ट. ऊस तोडताना फडात कधी कधी तिची पिल्लं सापडतात. दिसतात अगदी मांजराच्या पिल्लांसारखी. लोकांना वाटतं, आईनं टाकली बिचारी! खरं तर आई जवळपासच असते, माणसं गेली की पिल्लं न्यायला येते. आपल्या घरची मांजर पिल्लांना सात घरं फिरवते म्हणतात ना, तशीच ही. म्हणून सहलीत कुठेही असं पिल्लू दिसलं, तर उचलून मांडीवर घेऊ नका. वाघाटीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं सर्वांत वरच्या दर्जाचं संरक्षण दिलंय, तिला पाळणं गुन्हा आहे. लांब व्हा आणि वनखात्याला कळवा. वनखात्याच्या मदतीचा क्रमांक आहे १९२६. लक्षात ठेवायला सोपा, भंडारदऱ्याचं धरण पूर्ण झालं तेच साल!

तर मग मनीला न्यायचं की नाही? तीन प्रश्न विचारा.

पहिला, किती दिवसांसाठी? दोन-चार दिवसांसाठी नका नेऊ. तिला डोंगर बघायची हौस नाही, ती हौस आपली आहे. शेजारच्या काकूंना किल्ली द्या. रोज दोन वेळा जेवण, ताजं पाणी, मातीचा ट्रे साफ करणं आणि थोडा वेळ बोलणं, एवढं पुरे. तुमचा न धुतलेला सदरा तिच्या अंथरुणात ठेवून जा. त्यावर तुमचा वास असतो ना!

दुसरा, गरज आहे का? बाबांची बदली झाली, महिनाभर आजीकडे राहायचंय, तर न्यावंच लागेल. मग महिनाभर आधी तयारी सुरू करा. जाळीची पेटी आणा, घरातच उघडी ठेवा, तिला आत झोपू द्या. प्राण्यांच्या डॉक्टरांना दाखवून रेबीजची आणि इतर लसी झाल्यात ना, ते बघा. झोपेचं औषध आपल्या मनानं कधीही देऊ नका. निघण्याआधी तीन-चार तास जेवण नको, पाणी मात्र चालेल. पेटी सीटवर पट्ट्यानं घट्ट बांधा, वर पातळ कापड टाका. कसारा घाटात आपल्या कानांना दडे बसतात, तिच्याही बसत असतील. तेव्हा गाडी सावकाश. आणि चहासाठी थांबलात तर आधी पेटी बंद आहे का बघा, मगच दार उघडा.

उन्हात बंद गाडीत तिला पाच मिनिटंही ठेवू नका. बाहेर ३० अंश तापमान असलं, तर बंद गाडीत अर्ध्या तासात ते ४५ अंशांपर्यंत जाऊ शकतं. आपल्याला घाम येतो तसा मांजराला अंगभर येत नाही, फक्त पंजांच्या गाद्यांना येतो. खिडकी बोटभर उघडी ठेवल्यानं काही भागत नाही.

आणि तिसरा प्रश्न सगळ्यांत अवघड. मनीला बरोबर न्यायचं आहे ते कोणासाठी? तिच्यासाठी की आपल्यासाठी? 'मला तिच्याशिवाय करमत नाही' हे उत्तर वाईट नाही, खरंच आहे. पण ते आपल्याबद्दलचं उत्तर झालं, मनीबद्दलचं नव्हे. ज्याच्यावर जीव आहे त्याला कधी कधी मागे ठेवावं लागतं. तुम्ही शाळेत येता तेव्हा आईसुद्धा दारातून परतच जाते की!

या आठवड्यात एक गंमत करा. घरी मांजर असेल तर ते दिवसभरात कुठे कुठे गाल घासतं, ते वहीत लिहा. घराचा नकाशा काढून तिथे तिथे फुल्या करा. मांजर नसेल तर शेजाऱ्यांचं बघा. आठ दिवसांनी तुमच्या हातात मनीच्या घराचा नकाशा असेल. तो आईबाबांना दाखवा, आणि मगच सुट्टीचा बेत ठरवा.