गुलाबी फीत आणि गुलाबी वाइन

काल विकांताची सफाई म्हणून लॅपटॉपवरचे जुने फोटो आवरत बसले होते. दोन वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरमधला एक फोटो सापडला. हापिसातल्या एचआरने एका हॉटेलच्या टेरेसवर स्तनकर्करोग जागृतीची संध्याकाळ ठेवली होती. गुलाबी फुगे, सगळ्यांच्या छातीवर गुलाबी फीत, आणि थीमला शोभावी म्हणून टेबलावर गुलाबी वाइन! फोटोत मीही आहे, हातात ग्लास घेऊन मस्त दात काढत. तेव्हा आईची शेवटची केमो होऊन जेमतेम सात महिने झाले होते.

मला त्या दिवशी काहीच खटकलं नाही, हे आधी कबूल करते. कुणालाच खटकलं नाही. सिगारेट वाटत फुफ्फुसाच्या कर्करोगाची जागृती करायला निघालो असतो तर वॉचमननेसुद्धा हटकलं असतं. दारूचं मात्र आपल्याला ठाऊकच नसतं.

माझे डोळे उघडले ते नंतर. आईची जनुकीय तपासणी करायची ठरली तेव्हा समुपदेशक बाईंनी मलाही शेजारी बसवून प्रश्न विचारले. "तुम्ही ड्रिंक्स घेता?" मी म्हटलं, "सोशली." त्या शांतपणे म्हणाल्या, "सोशली म्हणजे आठवड्याला किती मिली?"

च्यायला, इंजिनिअर असून मला उत्तर देता येईना. घरी येऊन हिशेब मांडला. एक मिली शुद्ध अल्कोहोल म्हणजे साधारण ०.७९ ग्रॅम. त्यामुळे ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये १० ग्रॅम, लार्जमध्ये २०. वाइनच्या १५० मिलीच्या ग्लासात १४. बिअरची ६५० मिलीची बाटली, ५ टक्केवाली असेल तर २५ ग्रॅमच्या वर, ८ टक्के स्ट्राँग असेल तर ४१. आता समजा शुक्रवारी एक स्ट्राँग बिअर आणि शनिवारी दोन लार्ज. झाले ८१ ग्रॅम. भागिले सात, म्हणजे दिवसाला साडेअकरा ग्रॅमच्या वर. आणि आपण सगळ्यांना सांगत फिरतो, "मी काही रोज पिणारी नाही हं!"

हे ग्रॅम का मोजायचे? कारण सगळा विदा ग्रॅममध्येच आहे. २००२ साली ५३ अभ्यास आणि स्तनकर्करोग झालेल्या ५८ हजारांवर बायकांची माहिती एकत्र करून एक मोठं विश्लेषण प्रसिद्ध झालं. रोजच्या दर १० ग्रॅम अल्कोहोलमागे धोका सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो, असं त्यात निघालं. आता ७ टक्के ऐकून घाबरू नका आणि हसूही नका, त्याचा अर्थ बघा. विकसित देशांतल्या न पिणाऱ्या १०० बायकांपैकी वयाच्या ८० वर्षांपर्यंत साधारण ८.८ जणींना हा रोग होतो. रोज १० ग्रॅम घेणाऱ्यांत ९.४, रोज ४० ग्रॅम घेणाऱ्यांत ११.६. म्हणजे एका बाईपुरता धोका थोडासाच वाढतो, पण लाखो बायकांच्या पातळीवर तो थोडा राहत नाही. २०२० या एका वर्षात जगभरातले स्तनकर्करोगाचे सुमारे ९८ हजार रुग्ण दारूमुळे झाले, असा अंदाज आहे.

हा शोध कालपरवाचा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने दारूला १९८८ सालीच पहिल्या गटात टाकलं, म्हणजे माणसात कर्करोग होतो याचा पुरेसा पुरावा असलेल्या गोष्टींच्या यादीत. २००७ मध्ये त्याच संस्थेच्या तज्ज्ञांनी दारूमुळे होणाऱ्या कर्करोगांत स्तनाचाही समावेश केला. (पहिला गट म्हणजे पुरावा पक्का. दारू आणि तंबाखू सारख्याच घातक, असा त्याचा अर्थ नाही. तंबाखू केव्हाही जास्त वाईट.)

आता माझ्या मूळ मुद्द्यावर येते. मला सगळ्यात जास्त चीड येते ती 'जीन्स'च्या नावाखाली चालणाऱ्या दोन पळवाटांची.

पहिली पळवाट: "सगळं जीन्समध्येच असतं गं, पिण्या-न पिण्याने काय होतंय?" हे म्हणणारे लोक बहुधा बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ ही दोन नावं ऐकून असतात. ही जनुकं बिघडलेली असतील तर धोका प्रचंड, हे खरंच आहे. २०१७ च्या एका मोठ्या अभ्यासात अशा बायकांना वयाच्या ८० पर्यंत स्तनकर्करोग होण्याची शक्यता ७० टक्क्यांच्या आसपास निघाली. पण स्तनकर्करोगाच्या १०० रुग्णांत असा सरळ आनुवंशिक बिघाड असतो तो फार तर पाच-दहा जणींत. बाकीच्यांचं काय? त्यांच्यात शेकडो बारीकसारीक जनुकीय फरक असतात, आणि प्रत्येक फरक धोका अगदी किंचित इकडेतिकडे करतो. उरलेलं काम वय, वजन, मुलं केव्हा झाली, हार्मोन्स आणि दारू वगैरे मिळून करतात.

२०१६ मध्ये अमेरिकेतल्या गोऱ्या बायकांवर एक अभ्यास आला. जनुकं, घराण्याचा इतिहास अशा न बदलता येणाऱ्या कारणांमुळे सगळ्यात वरच्या १० टक्के धोक्यात असलेल्या बायका त्यांनी वेगळ्या काढल्या. त्यांच्यातल्या ज्यांचं वजन आटोक्यात होतं आणि ज्या दारू, सिगारेट व रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोनच्या गोळ्या घेत नव्हत्या, त्यांचा धोका जवळजवळ सर्वसाधारण बाईइतका निघाला. म्हणजे 'सगळं जीन्समध्ये' हे वाक्य त्यांच्याच बाबतीत खोटं ठरलं, ज्यांना ते सगळ्यात जास्त लागू पडायला हवं होतं!

दुसरी पळवाट जास्त स्मार्ट आहे आणि आपल्यासारख्यांतच चालते. थुंकी नळीत भरून पाठवायची, रंगीत पीडीएफ मागवायचं आणि म्हणायचं, "माझे जीन्स क्लीन आहेत, चीअर्स!" माझी एक मैत्रीण अगदी हेच म्हणाली. तिच्या रिपोर्टात अल्कोहोल पचवण्याची क्षमता 'उत्तम' लिहून आली होती.

आता पचवणं म्हणजे काय ते बघू. शरीर अल्कोहोलचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं आणि मग त्याचं निरुपद्रवी अ‍ॅसिटेट. मधला अ‍ॅसिटाल्डिहाइड हा खरा गुंड, तो डीएनएला थेट इजा करतो. पहिली पायरी करणारी विकरं एडीएच कुटुंबातली, दुसरीचं मुख्य विकर एएलडीएच-२. चीन, जपान, कोरियात कितीतरी लोकांत हे दुसरं विकर जनुकातल्या एका फरकामुळे लुळं असतं. दोन घोटांत चेहरा लालबुंद होतो, आणि तरीही पीत राहिले तर अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका जबरदस्त वाढतो. म्हणजे जनुक आणि दारू मिळून घात करतात हे सिद्ध झालेलं आहे. आपल्याकडे हा फरक क्वचित आढळतो.

मग आपण सुटलो का? अजिबात नाही. एडीएच-१सी या जनुकाची 'वेगवान' आवृत्ती असणाऱ्या बायकांत दारूमुळे स्तनाचा धोका जास्त वाढतो, असं काही अभ्यासांत दिसलं, काहींत नाही दिसलं. (गंमत बघा, अल्कोहोल 'वेगाने' उरकणं म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइड वेगाने तयार होणं. मैत्रिणीच्या रिपोर्टातलं 'उत्तम' नक्की कुणासाठी उत्तम?) कुठली बाई दारू पिऊनही सुरक्षित राहील, हे सांगणारी चाचणी आज अस्तित्वात नाही. शिवाय स्तनाच्या बाबतीत दुसरा रस्ताही आहे, इस्ट्रोजेनचा. २००१ मध्ये रजोनिवृत्ती झालेल्या ५१ बायकांना आठ-आठ आठवडे मोजून अल्कोहोल दिलं गेलं. रोज १५ ग्रॅमवर रक्तातल्या इस्ट्रोजेनचा एक प्रकार साडेसात टक्क्यांनी वाढला, ३० ग्रॅमवर जवळपास ११ टक्क्यांनी. पीडीएफमधल्या एका हिरव्या टिकमार्काने हे सगळं झाकलं जात नाही.

आणि हे 'पुढे बघू' म्हणायचं प्रकरणही नाही. अमेरिकेतल्या परिचारिकांच्या अभ्यासात २०१३ साली दिसलं की पहिली पाळी ते पहिलं बाळंतपण या काळातलं पिणंही नंतरच्या धोक्यात धरावं लागतं, रोजच्या १० ग्रॅममागे ११ टक्के. तो काळ म्हणजे नेमका आपला! कॉलेज, पहिली नोकरी, टीम आउटिंग, प्रोजेक्ट लाइव्ह गेल्याची पार्टी.

एवढं लिहिल्यावर कोण काय म्हणणार ते मला पाठ आहे. "तुझी आई तर कधी थेंबही प्यायली नाही!" खरं आहे. आई चहासुद्धा अर्धा कप घेते. भारतात २०२२ मध्ये स्तनकर्करोगाच्या नव्या रुग्ण सुमारे १ लाख ९२ हजार होत्या, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात दारू पिणाऱ्या बायका होत्या जेमतेम १.३ टक्के. तेव्हा आपल्याकडचा स्तनकर्करोग मुख्यतः दारूने होतो असं मी म्हणतच नाहीये. हेल्मेट घालूनही माणसं मरतात, म्हणून कुणी हेल्मेट फेकून देत नाही. आईचा जनुकीय रिपोर्ट निर्दोष आला. माझ्या धोक्याचं काय? आई किंवा बहिणीला हा रोग असेल तर धोका सरासरी १.८ पट होतो. आईचा रिपोर्ट निर्दोष आला म्हणून तो पुसला जात नाही, आजच्या चाचणीला कारण सापडलं नाही एवढंच. ते मला बदलता येणार नाही. ग्लास बदलता येतो.

दुसरे येतील संस्कृतीरक्षक. "बघा, आम्ही म्हणतच होतो, बायकांनी पिऊ नये!" काका, तुम्ही जरा थांबा. दारूने तोंड, घसा, स्वरयंत्र, अन्ननलिका, यकृत आणि मोठ्या आतड्याचाही कर्करोग होतो, आणि त्याच सर्वेक्षणात पिणारे पुरुष होते जवळजवळ १९ टक्के. हा लेख खिशात घालून बायकोला उपदेश करायच्या आधी स्वतःचा क्वार्टर ग्रॅममध्ये मोजा.

माझं भांडण पिणाऱ्या मैत्रिणीशी नाही, माहिती दडपणाऱ्यांशी आहे. जानेवारी २०२२ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं, तेव्हा शेतकऱ्यांच्या फायद्यावर चर्चा झाली, संस्कृतीवर झाली, 'वाइन म्हणजे दारू नव्हे' असंही बोललं गेलं. स्तनकर्करोगाचं नाव मला तरी कुठे ऐकू आलं नाही. आपल्या बाटलीवर आरोग्याला हानिकारक असा मोघम इशारा असतो, आणि पिऊन गाडी चालवू नका हा सल्ला. 'हानिकारक' तर भजीसुद्धा असतात! आयर्लंडने २०२३ मध्ये बाटलीवर 'कर्करोग' हा शब्द छापायचा नियम केला, पण मे २०२६ ची मुदत २०२८ वर ढकलली. एक शब्द छापायला एवढा त्रास होत असेल तर त्या शब्दात नक्कीच दम आहे.

तो शब्द आपल्याकडेही छापा. किती ग्रॅम ते छापा. मग जिला प्यायची तिने खुशाल प्यावी, आकडे बघून. आणि एचआरच्या मंडळींनो, या ऑक्टोबरला गुलाबी संध्याकाळ ठेवाल तेव्हा टेबलावर सोलकढी ठेवा. रंग तोच आहे.

मी सोडली का? हो, सोडली. संत वगैरे झालेले नाही. पहिले दोन महिने शुक्रवारी जीव कासावीस व्हायचा. आईला सांगितलं तर म्हणाली, "म्हणजे तू पीत होतीस?" असो. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे :-)