कॅसेट घ्यावी पारखून



डाळीतला खडा, दुधातलं पाणी आणि हळदीतला रंग ओळखण्यात आपला हात कोणी धरणार नाही. पण मुलांनी मोबाईलवर बोट टेकवून घरी मागवलेल्या वस्तूंपुढे आपण जरा बिचकतो. 'त्यातलं मला काय कळतं?' म्हणतो आणि पैसे तेवढे काढून देतो. गेल्या काही महिन्यांत शाळेतल्या दोघी-तिघी पालकांनी मला एकच प्रश्न विचारला. "मॅडम, पोरानं ऑनलाइन व्हिडिओ गेमची कॅसेट मागवली आहे, ती खरी की खोटी हे कसं ओळखायचं?" म्हणून आजचा हा पाठ.

कॅसेट म्हणजे गाण्यांची नव्हे बरं का! खेळाच्या यंत्रात खोचायची ती प्लॅस्टिकची चपटी डबी. तिच्या आत एक छोटी पट्टी असते, त्या पट्टीवर सगळा खेळ साठवलेला असतो आणि खाली ओळीने सोनेरी दात असतात. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने १९८३ साली फॅमिकॉम नावाचं टीव्हीला जोडायचं यंत्र काढलं, १९८९ साली हातात धरायचा गेमबॉय आणि २००१ साली गेमबॉय अ‍ॅडव्हान्स. या यंत्रांचं उत्पादन कधीच थांबलं. पण लहानपणी ती न मिळालेली पिढी आता कमावती झाली आहे. त्यामुळे जुन्या कॅसेटना मागणी आली, मागणीमागे भाव आला आणि भावामागे नक्कल आली.

आपल्याकडे तर नकलेचीच सवय जास्त. नव्वदच्या दशकात दिवाळीला टीव्हीवरचा गेम घरी आला असेल, तर तो बहुधा फॅमिकॉमची नक्कलच होता. त्याच्या कॅसेटवर 'नऊ लाख नव्याण्णव हजार खेळ' असं ठसठशीत छापलेलं असायचं आणि आत तेच दहा-पाच खेळ नावं बदलून पुन्हापुन्हा यायचे. तेव्हा कोणाची फारशी तक्रार नव्हती, कारण पैसेही नकलेचेच मोजले होते. आज मात्र खऱ्याचं नाव सांगून, खऱ्याचा फोटो दाखवून नक्कल हातात ठेवतात. तक्रार आहे ती तिथे.

आमच्या शेजारच्या वहिनींच्या भावाने हैदराबादहून भाच्याला आपला जुना गेमबॉय अ‍ॅडव्हान्स आणून दिला. पोराने दिवाळीचे आणि वाढदिवसाचे पैसे जमवून सहाशे रुपयांना 'पोकेमॉन एमराल्ड'ची कॅसेट मागवली. दोन महिने अभ्यास आटोपून रोज अर्धा तास तो खेळला. एके दिवशी यंत्र सुरू केलं तर सगळी पाटी कोरी! साठवलेला खेळ नाहीसा झालेला. परत करायची मुदत केव्हाच उलटून गेली होती आणि विकणाऱ्याचं नावही त्या दुकानातून गायब. पैसे गेले ते गेलेच, पण पोराला वाटत राहिलं की आपल्याच हातून काहीतरी बिघडलं. तो आईपासून चार दिवस तोंड लपवत होता. त्याचं काही चुकलं नव्हतं. माल खोटा होता.

ही गोष्ट ऐकताना मला कपाशीचं बियाणं आठवलं. आमच्या जिवतीच्या डोंगरावर ते कोणाला सांगायला नको. परवानगी नसलेलं 'चोर बीटी' बियाणं आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात अनेकदा पकडलं गेलं आहे. पिशवी चकचकीत, नाव ओळखीचं, भाव थोडा कमी. खोटं कळतं केव्हा, तर पेरून दोन-तीन महिने झाल्यावर. म्हणून तर कृषी खातं सांगतं की पक्कं बिल घ्या आणि रिकामी पिशवी, तिचं लेबल व मूठभर बियाणं पीक हाती येईपर्यंत जपून ठेवा. कॅसेटचंही तसंच आहे. तिचा खोटेपणा पहिल्या दिवशी दिसेलच असं नाही, म्हणून पारख आणि पुरावा दोन्ही पहिल्या दिवसापासून हवेत.

मागवण्यापूर्वी

भावाकडे आधी पाहा. 'एमराल्ड' २००४ साली निघाली. वीस वर्षांपूर्वीची वस्तू, तीही 'नवी कोरी, सीलबंद' आणि पाच-सहाशे रुपयांत कोण विकेल? एकाच विक्रेत्याकडे तसल्या पन्नास कोऱ्या कॅसेट असतील तर त्या परवाच कुठेतरी बनल्या आहेत असं खुशाल समजा. वर्णनात 'रीप्रॉडक्शन' किंवा 'रीप्रो' असा शब्द बारीक अक्षरात असेल, तर ती नक्कल असल्याचं त्याने स्वतःच कबूल केलं आहे.

विक्रेत्याला निरोप पाठवून तीन फोटो मागा: पुढून, मागून आणि खालच्या सोनेरी दातांचा. शेजारी कागदाच्या चिटोऱ्यावर त्या दिवसाची तारीख लिहून ठेवायला सांगा. ज्याच्याकडे वस्तू आहे त्याला हे दोन मिनिटांचं काम. जो टाळाटाळ करतो त्याचा नाद सोडावा. आणि दुकानाबाहेर, परस्पर फोनवरून पैसे पाठवा असं कोणी म्हणालं तर साफ नकार द्या.

पार्सल हातात पडल्यावर

पुडकं फोडताना मुलाला मोबाईलवर चित्रण करायला सांगा. पत्त्याचा कागद, बंद पुडकं आणि आतली वस्तू असं सलग दिसलं पाहिजे. मग खिडकीशी उजेडात बसा. हातात भिंग असलं तर उत्तमच. मी इथे गेमबॉय अ‍ॅडव्हान्सच्या कॅसेटचं सांगते, कारण जास्त नकला तिच्याच दिसतात.

१. लेबलची छपाई. खऱ्या लेबलवरची बारीक अक्षरंही रेखीव असतात. नकलेची छपाई पुसट, रंग भडक किंवा फिके आणि कडा वाकड्या कापलेल्या असतात. साडीचा काठ पाहतो तसा पाहा.

२. सांकेतिक क्रमांक. लेबलवर इंग्रजी अक्षरांत एक क्रमांक असतो. गेमबॉय अ‍ॅडव्हान्ससाठी तो 'ए-जी-बी'ने सुरू होतो, जुन्या गेमबॉयसाठी 'डी-एम-जी'ने, तर नंतरच्या डीएस यंत्रासाठी 'एन-टी-आर'ने. पुढची अक्षरं त्या-त्या खेळाची. अमेरिकेत विकल्या गेलेल्या एमराल्डची 'बी-पी-ई-ई', रुबीची 'ए-एक्स-व्ही-ई'. नक्कल करणारा पुष्कळदा एकाच खेळाचा क्रमांक सगळ्यांवर ठोकून देतो. चित्र एका खेळाचं आणि क्रमांक दुसऱ्याचा दिसला की समजावं!

३. दाबलेला अंक. कॅसेट तिरपी धरून लेबलवर उजेड पाडा. खऱ्या लेबलवर कारखान्यात दाबून उमटवलेला दोन आकडी अंक असतो, कधी सोबत एखादं अक्षर. त्याला शाई नसते, म्हणून सरळ पाहिलं तर चटकन दिसत नाही. नकलेवर तो बहुधा नसतोच.

४. मागचा स्क्रू. खऱ्या कॅसेटच्या स्क्रूच्या डोक्यावर तीन पाकळ्यांची खाच असते. नकलेला नेहमीचा अधिकच्या चिन्हासारखा स्क्रू लावलेला आढळतो.

५. आतली पट्टी. खालच्या फटीतून टॉर्चचा उजेड पाडा. सोनेरी दातांच्या वर, पट्टीवर 'निन्टेन्डो' हे नाव छापलेलं दिसलं पाहिजे. कॅसेट उघडायच्या फंदात मात्र पडू नका. उघडलेला माल परत घेताना विक्रेता हमखास खोड काढतो.

एवढ्यातली एखादीच खूण चुकली म्हणून लगेच निकाल देऊ नये. आधीच्या मालकाने आतला सेल बदलताना स्क्रू बदललेला असू शकतो. पण दोन-तीन खुणा चुकल्या तर वस्तू परत करायची तयारी ठेवा.

पहिला आठवडा

आता खेळ सुरू करा. थोडा खेळून तो साठवा, यंत्र बंद करा, कॅसेट काढून एक दिवस बाजूला ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पाहा. परत करायची मुदत संपेपर्यंत हे रोज करा. तोवर मुलाला सांगा, 'बाळा, सध्या नुसती परीक्षा चालू आहे, मन लावून खेळू नकोस.'

इथे एक बारकावा लक्षात ठेवा. जुन्या गेमबॉयच्या 'रेड' किंवा 'गोल्ड'सारख्या खऱ्या कॅसेटमध्येही साठवलेला खेळ आतल्या बटणासारख्या सेलवर टिकतो. वीस-पंचवीस वर्षांनी सेल संपला की तो पुसला जातो. तिथे कॅसेट खोटी ठरत नाही. चांगल्या कारागिराकडून सेल बदलून घ्यावा. पण खऱ्या 'रुबी', 'सफायर' आणि 'एमराल्ड'मध्ये सेल फक्त घड्याळ चालवतो, साठवण त्याच्यावर अवलंबून नसते. त्यांच्यातला खेळ आपोआप पुसला गेला तर संशय पक्का धरा. सुरुवातीला 'आतला सेल संपला आहे' अशा अर्थाची इंग्रजी सूचना येते, तिच्यावरून मात्र काही ठरवू नये. ती जुन्या खऱ्या कॅसेटवरही येते आणि नकलेवरही.

खोटी निघाली तर

रडत बसायचं नाही आणि पोरावर ओरडायचं तर मुळीच नाही. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ हा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि त्याच वर्षी ऑनलाइन व्यापाराचे नियमही आले. खरा म्हणून दिलेला खोटा माल म्हणजे बनावट माल, असं कायदाच म्हणतो. ऑनलाइन बाजारात विकणाऱ्या विक्रेत्याला असा माल परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. त्या बाजाराच्या तक्रार अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यायला हवी आणि एका महिन्यात तिचा निकाल लावायला हवा.

म्हणून तक्रार तोंडी करू नका, लिहून करा. जाहिरातीचा फोटो, बिल, चित्रण आणि चुकलेल्या खुणांचे फोटो जोडा. दाद लागली नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा, तिथे मराठीतही बोलता येतं. त्याच्याही पुढे जिल्हा ग्राहक आयोग आहे. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतचा, आपण राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते. म्हणजे आम्हां जिवतीकरांना चंद्रपूर. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही आणि मुदत दोन वर्षांची आहे. आणि परस्पर पैसे घेऊन कोणी गायबच झाला असेल, तर वेळ न दवडता १९३० या सायबर फसवणुकीच्या क्रमांकावर कळवा. जितकं लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची आशा जास्त.

एक मात्र करू नका. आपल्या गळ्यात पडलेली खोटी कॅसेट खरी म्हणून दुसऱ्याच्या गळ्यात मारू नका. मुलं आपण सांगतो त्यापेक्षा आपण करतो ते जास्त शिकतात.

आमच्या तालुक्यातल्या तेलंगणाच्या सीमेवरच्या काही गावांत एकाच घरात दोन राज्यांची रेशनकार्डं सापडतात आणि मौज म्हणजे दोन्ही खरी! कॅसेटच्या बाबतीत मात्र तशी सोय नाही. ती खरी तरी असते, नाहीतर खोटी. दिसतं तसं नसतं म्हणून तर जग फसतं. पण ज्या डोळ्यांनी आपण बियाणं, साडी आणि डाळ पारखतो, तेच डोळे इथेही पुरतात. तेव्हा पुढचं पार्सल आलं की 'मला काय कळतं' म्हणू नका. मुलाला शेजारी घ्या, टॉर्च लावा आणि दोघं मिळून पारखा.