आरसा, मुख आणि पाहणारा

पाहणे म्हणजे काय, याचे शाळेत शिकलेले उत्तर सोपे आहे. वस्तूवरून प्रकाश येतो, डोळ्याच्या पडद्यावर उलटी प्रतिमा उमटते आणि मेंदू ती सरळ करून घेतो. या प्रतिमेची उपपत्ती केप्लरने १६०४ मध्ये मांडली. परंतु खरा प्रश्न इथून सुरू होतो. ही प्रतिमा पाहतो कोण? आत आणखी एक पाहणारा मानला, तर त्याच्याही आत तिसरा मानावा लागेल. मेंदूत दुसरे डोळे नाहीत, हा इशारा १६३७ मध्ये देकार्तनेच दिला होता. तरीही डॅनिएल डेनेट यांनी १९९१ मध्ये या आतल्या रंगमंचाच्या कल्पनेला नाव दिले ते देकार्तचेच!

ज्ञानदेवांच्या ‘चांगदेवपासष्टी’चा गाभाही हाच प्रश्न आहे. द्रष्टा, दृश्य आणि दर्शन ही त्रिपुटी तिथे येते ती विरून जाण्यासाठीच. आरशासमोर एकच मुख पाहणारे आणि पाहिले जाणारे असे दुहेरी भासते. आरसा दूर केला तरी मुख उणावत नाही. वर्गात आपण याला ‘सुंदर दृष्टान्त’ म्हणतो, अलंकाराचे नाव फळ्यावर लिहितो आणि पुढे सरकतो. माझ्या मते हा कवीवर अन्याय आहे. हा दृष्टान्त म्हणजे युक्तिवाद आहे. प्रतिमेमुळे द्रष्टा निर्माण होत नाही. प्रतिमेला प्रतिमापण येते तेच द्रष्ट्यामुळे.

याच्या उलट टोकही तितकेच घातक आहे. ‘हे सारे आमच्याकडे आधीच होते’ असे म्हणणे म्हणजे वाचणे टाळणे होय. डेनेट आतला प्रेक्षक नाकारतात, तेव्हा मेंदूतल्या प्रक्रिया उरतात. ज्ञानदेव त्रिपुटी नाकारतात, तेव्हा केवळ चैतन्य उरते. नकारात साम्य आहे, निष्कर्ष मात्र परस्परविरोधी आहेत.

शिवाय विज्ञानाने एक अवघड कोडेही घातले आहे. मेंदूच्या दृष्टिकेंद्राला इजा झालेले काही रुग्ण ‘काहीच दिसत नाही’ म्हणतात, तरी समोरच्या ठिपक्याकडे बोट बरेचदा अचूक नेतात. लॉरेन्स वाइस्क्रान्ट्झ यांनी १९७० च्या दशकापासून अशा रुग्णांचा अभ्यास केला. इथे एक प्रकारचे दर्शन आहे, पण ‘मी पाहतो’ ही जाणीव नाही. चैतन्य स्वयंप्रकाश मानणाऱ्याने याचा उलगडा कसा करावा?

हा प्रश्न ‘पासष्टी’ला विचारणे म्हणजे तिचा अनादर नव्हे. वर्धेच्या खेड्यापाड्यांतून मराठी शिकायला येणाऱ्या विद्यार्थ्याला ‘दृष्टान्त ओळखा’ एवढेच विचारण्यापेक्षा ‘हा युक्तिवाद टिकतो का?’ असे विचारले, तर तो ज्ञानदेवांशी वाद घालू लागेल. तत्त्वकाव्याचे अध्यापन तिथूनच सुरू व्हावे.