जर्मन धातुसाधिते आणि मातृभाषेचे साहाय्य

चेन्नईनजीक अंबत्तूर येथे १९६४ साली औद्योगिक वसाहत उभी राहिली. अशा परिसरातील एखादा तंत्रज्ञ वा परिचारिका उपजीविकेसाठी जर्मन शिकू लागली, की भूतकालवाचक धातुसाधितांपाशी पहिली ठेच लागते. ‘गेहेन’चे ‘गेगांगेन’, ‘डेंकेन’चे ‘गेडाख्ट’, ‘श्रायबेन’चे ‘गेश्रीबेन’! ‘अनियमित’ या मथळ्याखाली, इंग्रजी अर्थांसह छापलेली यादी घोकणे हाच उपाय बहुधा सांगितला जातो. हा उपाय अपुरा आहे; शिवाय त्यात विद्यार्थ्याच्या स्वभाषेची उपेक्षाही आहे.

वस्तुतः ही रूपे लहरीने घडलेली नाहीत. याकोब ग्रिमने १८१९ पासून प्रसिद्ध केलेल्या जर्मन व्याकरणात धातूतील स्वर पालटणाऱ्या क्रियापदांना ‘सबल’ व प्रत्ययावर विसंबणाऱ्यांना ‘दुर्बल’ असे संबोधिले. ‘झिंगेन–गेझुंगेन’, ‘ट्रिंकेन–गेट्रुंकेन’, ‘फिंडेन–गेफुंडेन’ ही एकाच कुळातील भावंडे होत. अनियमितता म्हणून दिसते ती पुष्कळदा जुन्या नियमाची खूण असते.

मराठी भाषकास हे नवे नाही. ‘जा’चे ‘गेला’, ‘कर’चे ‘केले’, ‘मर’चे ‘मेला’ ही रूपे ‘गत’, ‘कृत’, ‘मृत’ यांच्या प्राकृत अवशेषांना ‘ल’कार जडून सिद्ध झाली. तमिळ मूलही ‘वा’पासून ‘वन्दान्’ आणि ‘पो’पासून ‘पोनान्’ यादीवाचून शिकते. तंजावरहून चेन्नईस आलेल्या मराठी घरांतील विद्यार्थ्यापाशी तर ही दुहेरी पुंजी असते. जर्मन विद्येशी या घराण्यांच्या प्रदेशाचा संबंधही जुनाच. तंजावरचे दुसरे सरफोजी यांचे शिक्षण श्वार्ट्झ व गेरिके या जर्मन मिशनऱ्यांच्या देखरेखीखाली झाले.

साम्य रूपांपुरतेच नाही. ‘तो गेला’ येथे क्रियापद कर्त्यानुसार चालते. ‘त्याने पत्र लिहिले’ येथे कर्त्यास ‘ने’ लागतो. जर्मनमध्येही गतिवाचक ‘गेहेन’ ‘झाइन’चे साहाय्य घेते, सकर्मक ‘श्रायबेन’ ‘हाबेन’चे. हे साम्य पूर्ण नव्हे. झोपणे या अर्थाचे ‘श्लाफेन’ अकर्मक असूनही ‘हाबेन’च घेते. परंतु साम्य दाखविल्यावरच त्याची मर्यादा ध्यानात राहते.

इंग्रजीची मध्यस्थी मात्र नवा घोळ निर्माण करते. इंग्रजीत ‘काल’ या शब्दासह पूर्ण वर्तमानकाळ चालत नाही. बोलीच्या जर्मनमध्ये कालची गोष्ट सर्रास त्याच घडणीच्या रचनेने सांगितली जाते. मनातल्या मनात इंग्रजी वाक्य जुळवणारा येथे अडखळतो. ‘काल मी पत्र लिहिले’ म्हणणाऱ्यास अडखळण्याचे कारण नसते.

म्हणून धातूंची यादी स्वरकुळांप्रमाणे मांडावी आणि प्रत्येक कुळाशेजारी विद्यार्थ्याच्या भाषेतील समांतर रूपे द्यावीत. हे काम जर्मन व भारतीय भाषांच्या विभागांनी एकत्र बसूनच करावयास हवे. इंग्रजी जेमतेम येणाऱ्या विद्यार्थ्यावर आज दोन परभाषांचा भार पडतो. परीक्षेतील त्याचे अपयश त्याच्या माथी मारण्यापूर्वी हा भार कोणी लादला, याचा विचार अध्यापकांनी करावा.